विसर्गाशिवाय मोजलेले प्रदूषण: पंचगंगा खोऱ्याच्या निमित्ताने

जुलै-ऑगस्ट महिन्यांत पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ठाऊक नसलेला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. 39 फुटांवर इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1,428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत येते आणि त्याचा फुगवटा आपल्या गावाला केव्हा जाणवेल, याचा हिशेब नदीकाठचे शेतकरी आणि व्यापारी स्वतःच मांडतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत ही पातळी 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा तासातासाला येणाऱ्या या आकड्यांवरून माणसे आणि जनावरे हलवण्याचे निर्णय घेतले गेले. मात्र त्याच नदीबद्दल मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या शिरढोणच्या किंवा तेरवाडच्या रहिवाशाने ‘आज पाणी कसे आहे?’ असे विचारले, तर त्याला त्या दिवसाचे उत्तर देणारी व्यवस्था नाही. पाणी किती आहे हे आपण तासाला मोजतो. ते कसे आहे हे साधारणपणे महिन्याला एकदा, ठरलेल्या मोजक्या जागी मोजतो, आणि निष्कर्ष हाती येतो तेव्हा ते पाणी केव्हाच कृष्णेला मिळून कर्नाटकात गेलेले असते.

मोजणीच होत नाही, अशी तक्रार मी करत नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा 1969 मध्ये, म्हणजे केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. राष्ट्रीय जलगुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमाखाली राज्यातील नद्यांचे नमुने कित्येक वर्षे नियमाने घेतले जात आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित ठरवले, त्यांपैकी 53 एकट्या महाराष्ट्रातले होते. 2022 च्या अहवालात देशाची संख्या 311 वर उतरली, महाराष्ट्राची मात्र 55 झाली आणि राज्याचा पहिला क्रमांक कायम राहिला. पंचगंगा या यादीत आहे. माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीला आहे. शहराचे मैलापाणी नदीत मिसळते की नाही हे ओळखायला ही पद्धत पुरेशी आहे; पण ऊस, साखर कारखाने, यंत्रमाग, बंधारे आणि गावोगावची गटारे एकाच प्रवाहाला येऊन मिळतात अशा ग्रामीण खोऱ्याचे पाणी कशाने, केव्हा आणि कोणामुळे बिघडते, हे तिच्यातून कळत नाही. जोवर पाण्याचा नमुना आणि त्या क्षणीचा विसर्ग (नदीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी) एकत्र नोंदला जात नाही आणि नमुना घेण्याची वेळ नदीतल्या घडामोडींवरून ठरत नाही, तोवर खोऱ्याच्या पाण्याचे मूल्यमापन झाले असे म्हणता येणार नाही.

या खोऱ्याची रचना समजून घेतल्याशिवाय हा मुद्दा स्पष्ट होत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि परंपरेने गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा सुरू होते आणि सुमारे 80 किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. एवढ्या छोट्या अंतरात निसर्गाचा मोठा पालट होतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, गगनबावड्यात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वरच्या बाजूला जंगल, भातखाचरे आणि धरणे आहेत. मधल्या भागात दाट ऊसशेती, साखर कारखाने आणि साडेपाच लाख वस्तीचे (2011 च्या जनगणनेनुसार) कोल्हापूर शहर आहे, ज्याचे सांडपाणी जयंती आणि दुधाळी नाल्यांनी नदीकडे येते. त्याखाली इचलकरंजीचा कापड उद्योग आणि त्याचे रंगीत पाणी वाहून आणणारा काळा ओढा आहे. आणि सर्वांत शेवटी शिरोळ तालुक्यातली ती गावे आहेत, ज्यांच्या वाट्याला वरच्या सगळ्यांचे उरलेले पाणी येते. या साऱ्या प्रवाहावर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालून पाणी अडवले जाते आणि पुढचे सात-आठ महिने नदी वाहती न राहता एकापुढे एक असलेल्या लांबट तळ्यांची माळ होते. वाहत्या नदीसाठी आखलेली तपासणी अशा नदीला लावली की काय निसटते, ते पाहू.

प्रदूषित नदीपट्टा ठरवण्याचा निकष एकच आहे: बीओडी, म्हणजे जैविक प्राणवायू मागणी. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, याचे ते माप. आपल्याकडे नमुना 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस बंद बाटलीत ठेवून हे मोजतात. लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त बीओडी सापडला की पट्टा प्रदूषित. 3 ते 6 असला तर पाचवा प्राधान्यक्रम, 30 च्या वर गेला तर पहिला. मैलापाणी, साखर कारखान्याचे पाणी, दुग्धप्रक्रियेचे पाणी यांसाठी हे माप उत्तम आहे, कारण ही सगळी कुजणारी द्रव्ये आहेत. पण उसाच्या फडातून वाहून येणारा युरियाचा नायट्रेट बीओडीत दिसत नाही. तणनाशक दिसत नाही, कीटकनाशकाचा अंश दिसत नाही, रंगप्रक्रियेतले मीठ दिसत नाही, चांदीकामातून येणारे जड धातू दिसत नाहीत. म्हणजे एखाद्या ओढ्याचा बीओडी 2 असेल आणि त्यात नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मानकापेक्षा, म्हणजे लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तरी प्रदूषणाच्या यादीत तो ओढा येणार नाही. मासिक तपासणीत नायट्रेट, क्लोराइड, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) हे घटक मोजले जातात हे खरे. परंतु यादी करताना, प्राधान्य ठरवताना आणि पैसा देताना बोलतो तो बीओडीच. त्यामुळे उपाययोजना म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असे समीकरण होऊन बसले आहे. असे प्रकल्प आवश्यकच आहेत, आणि कोल्हापूरला ते व्हायला उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवाव्या लागल्या हे विसरता येत नाही. पण ऊसपट्ट्यातून झिरपणाऱ्या नायट्रेटवर आणि शिरोळच्या क्षारपड जमिनींतून निचऱ्यावाटे नदीत येणाऱ्या क्षारांवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही.

दुसरी उणीव वेळेची आहे, आणि मला ती अधिक गंभीर वाटते. साचलेल्या, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते आणि रात्री श्वसनासाठी तोच प्राणवायू वापरते. त्यामुळे बंधाऱ्यामागच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दुपारी भरपूर असतो, प्रसंगी त्या तापमानाला पाण्यात मावायला हवा त्यापेक्षाही जास्त, आणि पहाटे तो तळाला जातो. जेथे केंदाळाने (जलपर्णीने) पृष्ठभाग झाकला आहे, तेथे तर हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळण्याची वाटही अडते. मासे जगण्यासाठी लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे केंद्रीय मंडळाचा निकष सांगतो. तेरवाड बंधाऱ्यावर मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या जवळजवळ दर वर्षी येतात; त्या मेलेल्या माशांचे दृश्य बहुतेकदा सकाळी उजाडल्यावर लोकांच्या नजरेस पडते, यामागे हे रसायनशास्त्र आहे. नमुना घेणारे पथक मात्र कार्यालयीन वेळेत, दहा-अकरानंतर नदीवर पोहोचते, म्हणजे पाणी सावरू लागल्यावर. त्या वेळी मोजलेला 5 किंवा 6 मिलिग्रॅम प्राणवायू खोटा नसतो, पण पहाटे चार वाजता त्याच जागी काय होते हे तो लपवतो. बंधाऱ्यावर पहाटे आणि दुपारी असे दोन्ही वेळा प्राणवायू मोजून त्यांतला फरक नोंदवला, तर पाण्यात किती पोषकद्रव्ये साचली आहेत याचा अंदाज महागड्या तपासणीशिवायही बांधता येतो.

वर्षातले दोन प्रसंग तर असे आहेत की त्या वेळी नमुना घेतला नाही तर उरलेल्या वर्षाच्या नमुन्यांना अर्थ उरत नाही. पहिला प्रसंग वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाचा. आठ महिने कोरड्या पडलेल्या ओढ्यानाल्यांत साठलेले सांडपाणी, शेणखताचे उकिरडे, फडातली खते, कारखान्यांच्या परिसरात साचवलेले मळीमिश्रित पाणी, शहराच्या गटारांतला गाळ हे सगळे एका दिवसात नदीत येते. दुसरा प्रसंग बरगे काढण्याचा. बंधाऱ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने बसलेला काळा गाळ, ज्यात प्राणवायूचा लवलेश नसतो, पाण्याबरोबर एकदम खाली सुटतो आणि वाटेतल्या पाण्याचा उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतो. हे दोन्ही प्रसंग खोऱ्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला आधी सांगता येतील. बरगे कधी काढायचे हे पाटबंधारे खात्याला ठाऊकच असते. तरीही नमुना घेण्याचे वेळापत्रक या प्रसंगांशी जोडलेले नाही; ठरलेली तारीख त्या दिवसाशी जुळली तर तो योगायोग.

आता विसर्गाकडे येतो. लिटरमागे इतके मिलिग्रॅम ही संख्या पाण्याची स्थिती सांगते, पण नदीत रोज एकूण किती घाण येते हे सांगत नाही. त्यासाठी तिला विसर्गाने गुणावे लागते. तो गुणाकार म्हणजे प्रदूषणभार. उदाहरण घेऊ. समजा, एप्रिलमध्ये 200 क्युसेक विसर्ग असताना बीओडी 6 मिलिग्रॅम आला. हिशेब केला तर दिवसाला सुमारे 2,900 किलो भार होतो. जूनच्या मध्यात विसर्ग 2,000 क्युसेक झाला आणि बीओडी 3 वर उतरला, तर भार दिवसाला सुमारे 14,700 किलो होतो. तक्त्यात फक्त तीव्रता लिहिली तर नदी ‘सुधारली’ असे दिसेल, ती प्रदूषित पट्ट्यातून आंघोळीयोग्य वर्गाच्या उंबरठ्यावर आलेली दिसेल. प्रत्यक्षात तिच्यात येणारी घाण पाचपट झालेली असेल, आणि ती शहराच्या नळातून न येता शेतांतून, ओढ्यांतून आणि बंधाऱ्यांच्या तळातून आलेली असेल. उलट, धरणातून पिण्यासाठी किंवा शेतीसाठी पाणी सोडले की तीव्रता आपोआप खाली येते. नदी फेसाळली, लोक रस्त्यावर उतरले, की वरून पाणी सोडून प्रदूषण ‘वाहते करण्याचा’ उपाय योजला जातो. त्यानंतर घेतलेला नमुना चांगला येतो, आणि भार मात्र जसाच्या तसा शिरोळकडे आणि पुढे कृष्णेकडे सरकतो. विसर्गाचा रकाना नसलेल्या तक्त्याला या दोन गोष्टींतला फरक कळतच नाही.

रात्री एखाद्या ठिकाणाहून नदीत किंवा ओढ्यात सोडलेल्या टँकरचेही असेच. मद्यार्क निर्मितीतून निघणाऱ्या मळीमिश्रित पाण्याचा बीओडी लिटरमागे 40 ते 50 हजार मिलिग्रॅम असतो, तर घरगुती सांडपाण्याचा दोनशे-तीनशे. दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये 450 किलो बीओडी धरला आणि माणशी दिवसाला 45 ग्रॅम हिशेब केला, तर तो एक टँकर दहा हजार वस्तीच्या गावाच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका ठरतो. तो पाण्याचा झोत काही तासांत एका ठिकाणाहून पुढे निघून जातो. वर्षात बारा नमुने घेणारी व्यवस्था तो पकडण्याची शक्यता किती, हे सांगायला गणिताची गरज नाही. 2014 मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी 17 उद्योगप्रकारांना, ज्यांत साखर आणि मद्यार्क दोन्ही येतात, सांडपाण्याचे सतत ऑनलाइन मापन बंधनकारक केले. हे पाऊल योग्य होते. पण ते यंत्र कारखान्याच्या अधिकृत नळावर बसते. अनधिकृत मार्गाने जे जाते, ते फक्त नदीतच सापडू शकते, आणि म्हणून नदीतले मापन दाट हवे.

विसर्ग मोजलाच जात नाही, असेही नाही. जलसंपदा विभाग बंधारे आणि धरणांवर तो मोजतो, केंद्रीय जल आयोगाची केंद्रे या खोऱ्यांत आहेत, कुरुंदवाडला कृष्णेचे मापन कित्येक वर्षे चालते. पाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तपासते, आणि गावच्या नळयोजनेचे पाणी जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत. प्रत्येक यंत्रणेची वही वेगळी आहे आणि त्या एका टेबलावर कधी उघडल्या जात नाहीत. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरणाचा दर्जा दिला, तेव्हा खोरे हा एकक धरून पाण्याचा विचार होईल अशी आशा होती. पाणीवाटपाच्या बाबतीत तो काही प्रमाणात झालाही. गुणवत्तेच्या बाबतीत खोरे हा शब्द अजून कागदावरच आहे, कारण पाणी सोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर पाण्याच्या प्रतीची जबाबदारी नाही, आणि प्रतीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात धरणाचा दरवाजा नाही.

याची किंमत कोण मोजतो? शहरांनी स्वतःपुरता मार्ग काढला. इचलकरंजीत 2012 मध्ये दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर त्या शहराने पंचगंगेबाहेरचे पाणी मागणे अगदी समजण्यासारखे होते: आधी दानोळीतून वारणेचे, मग सुळकूडमधून दूधगंगेचे. दोन्ही वेळा त्या त्या नदीकाठच्या गावांनी कडवा विरोध केला, आणि तोही समजण्यासारखाच होता, कारण एकीकडचे पाणी बिघडवून दुसरीकडचे मागितले जात आहे अशी त्यांची भावना होती. कोल्हापूर शहराला 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आले. शहराच्या दृष्टीने ती मोठी सुटका आहे. परंतु जेव्हा खोऱ्यातली सर्वांत मोठी आणि आवाज असलेली लोकवस्ती पिण्यासाठी त्या नदीवर अवलंबून राहत नाही, तेव्हा नदी स्वच्छ ठेवण्याचा राजकीय दबावही तितकाच कमी होतो. उरतात ती काठावरची गावे, ज्यांच्या जॅकवेल (पाणी उपसण्याच्या विहिरी) याच नदीत आहेत आणि ज्यांना थेट पाइपलाइन परवडणार नाही.

या गावांतल्या पाण्याच्या तपासणीची पद्धत महाराष्ट्रात इतर राज्यांपेक्षा बरी आहे, हे सांगायला हवे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते, ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते, जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा सांभाळतो आणि क्लोरिनची ओटी चाचणी करतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली. पण या साऱ्याचा रोख जिवाणूंवर आहे. टीसीएलने बहुतेक जिवाणू मरतात. नायट्रेट, क्षार, तणनाशक किंवा रंग त्याने जात नाहीत. हिरवे कार्ड मिळालेल्या गावातल्या तान्ह्या बाळाला दुधाची पावडर कालवून द्यायच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे त्या कार्डावर लिहिलेले नसते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कित्येक दशके माहीत आहे. आणखी एक गोष्ट: गावाची तपासणी नळापाशी थांबते. नळातले पाणी वाईट निघाले तर वर नदीत काय झाले, हा प्रश्न त्या तपासणीच्या कक्षेत येत नाही.

रसायनांच्या जोडीला जीवांची साक्ष घ्यायला हवी. पाण्याची बाटली एका क्षणाची कहाणी सांगते, पण दगडाखाली राहणारे कीटक मागच्या कित्येक आठवड्यांची सांगतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांच्या अळ्यांना स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी लागते. ते नाहीसे होऊन लाल रंगाच्या कायरोनोमस अळ्या आणि गाळातले बारीक किडे उरले, तर तेथे अधूनमधून प्राणवायू संपतो हे नक्की, मग दुपारच्या बाटलीत काहीही येवो. केंद्रीय मंडळाने अशा जैविक मूल्यमापनाचे भारतीय निकष पूर्वीच तयार केले आहेत. युरोपीय संघाने 2000 च्या जल आराखडा निर्देशात नदीची स्थिती ठरवताना जीवसृष्टीला रसायनांच्या बरोबरीचे नव्हे, तर त्यांच्या आधीचे स्थान दिले. आपल्याकडे हे काम करायला शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतली प्राणिशास्त्राची महाविद्यालये आहेत आणि काठावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा भोई समाज आहे, ज्याला कोणता मासा कोणत्या डोहातून कधी गेला आणि त्याच्या जागी चिलापी (तिलापिया) कधी आला हे नेमके सांगता येते. ही माहिती प्रश्नावली करून, जागा आणि काळ यांसह नोंदवली तर तो पुरावा होतो. न नोंदवली तर ती केवळ हळहळ राहते.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रयाग चिखलीच्या वर प्रत्येक उपनदीच्या मुखाशी, दोन्ही शहरांच्या वर आणि खाली, तेरवाडला आणि नृसिंहवाडीच्या संगमाआधी, अशा दहा-बारा ठिकाणी नमुना आणि विसर्ग एकाच वेळी मोजला जावा. महिन्याच्या नमुन्याखेरीज पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवड्यात आणि बरगे काढण्याच्या दिवशी, तसेच त्यापुढच्या दोन दिवसांत, जादा नमुने घेतले जावेत. पाटबंधारे खात्याने बरगे काढण्याची तारीख मंडळाला आणि खालच्या ग्रामपंचायतींना आधी कळवावी. पाणी अडवलेल्या हंगामात पंधरवड्याला एकदा तरी पहाटेचा प्राणवायू मोजला जावा. विद्युतवाहकता, तापमान आणि प्राणवायू मोजणारी हातातली उपकरणे आज प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत, आणि विद्युतवाहकतेत अचानक आलेली चढ हा सांडपाणी सुटल्याचा बहुतेक वेळा पहिला इशारा असतो. कीटकनाशकांची तपासणी खर्चिक आहे, हे मान्य; ती वर्षातून दोनदा, फवारणीच्या हंगामानंतर केली तरी आजच्या अंधारापेक्षा खूप काही कळेल.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो मी फार महत्त्वाचा मानत नाही, कारण यंत्रणा, माणसे आणि प्रयोगशाळा मुळात आहेतच. त्यांच्या नोंदी जोडण्याचा प्रश्न आहे. कायद्याचा आक्षेप अधिक खरा आहे. 1974 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार न्यायालयात ग्राह्य धरला जाणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, त्याचे दोन भाग करून आणि मोहोरबंद करून घ्यावा लागतो. गावकऱ्याने रात्री भरलेली बाटली या कसोटीला उतरत नाही, आणि उतरावी असे म्हणणेही योग्य होणार नाही, कारण अन्यथा कोणीही कोणावर खोटा आरोप करू शकेल. पण गावाच्या मोजणीचा उपयोग शिक्षेसाठी नसून अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी बोलावण्यासाठी आहे. तेरवाडच्या महिलांनी पहाटे विद्युतवाहकता दुप्पट झालेली पाहिली आणि त्याच तासाला ती नोंद मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात पोहोचली, तर कलम 21 चा नमुना त्याच दिवशी घेता येईल. आज तो पंचनामा मासे सडू लागल्यावर होतो.

‘मोजून नदी स्वच्छ होते का?’ असा प्रश्न चळवळीतले कार्यकर्तेही विचारतात, आणि वर्षानुवर्षे नुसतेच अहवाल पाहिलेल्या माणसाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण या खोऱ्यातली कोंडी नेमकी कशाची आहे? कोल्हापूर इचलकरंजीकडे बोट दाखवते, इचलकरंजी कोल्हापूरकडे, उद्योग महापालिकांकडे, महापालिका कारखान्यांकडे, आणि सगळे मिळून शासनाकडे. कोणाचा वाटा किती, हे किलोच्या हिशेबात, ठिकाणवार आणि महिनावार मांडलेले नाही, तोवर प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव घेता येते. उपनद्यांच्या मुखाशी भार मोजला की हे टाळता येणार नाही. आणि त्या हिशेबात शेतकऱ्यांचा आणि गावांचा वाटाही दिसेल, हे आपण आधीच स्वीकारले पाहिजे. उसाला एकरी किती युरिया पडतो, पाटाने पाणी देताना त्यातला किती निचऱ्यात जातो, गावातली भुयारी गटार कोणत्या ओढ्याला सोडली आहे, जनावरांचे गोठे नदीपासून किती अंतरावर आहेत, हे प्रश्न शिरोळ आणि हातकणंगलेच्या ग्रामसभांत विचारले जातील तेव्हा ते शहराला विचारलेल्या प्रश्नांइतकेच बोचतील. ठिबकवर ऊस नेण्याचे, माती परीक्षणावरून खत देण्याचे, गावाच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि स्थिरीकरण तळी करण्याचे पैसे कोठे आधी खर्च करावेत, हेही तोच तक्ता सांगेल, कारण तुळशीच्या मुखाशी नायट्रेट कमी आणि इचलकरंजीच्या खाली क्षार जास्त असतील, तर दोन्हीकडे एकच योजना राबवण्यात अर्थ नाही. येत्या उन्हाळ्यात तेरवाडचे बरगे निघण्याआधी जलसंपदा विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा परिषद यांनी एक संयुक्त बैठक घेऊन एवढीच एक घटना तिघांनी मिळून मोजली, तरी पंचगंगा खोऱ्यात विसर्गासह नोंदलेल्या प्रदूषणाचा पहिला तक्ता तयार होईल, आणि त्यावर कोणत्याही गावाला, शहराला किंवा कारखान्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल.